पानिपतचं स्थळ

आमच्या घरात दिवसातून किमान सहा वेळा पानिपत व्हायचं.

दूध उतू गेलं, पानिपत. स्कूटर सुरू झाली नाही, पानिपत. इस्त्रीहून शर्ट बटण तुटून आला, तरी पानिपत! हे माझं पालुपद. तशी घरात इतरांचीही होती. बायको सुषमा 'मी काही बोलत नाही' असं म्हणून पुढे अर्धा तास बोलायची. धाकटी बहीण नंदू एका परदेशी कंपनीत नव्यानेच लागली होती, ती दर वाक्याला 'बेसिकली' लावायची (नाही लावलं तर तिथे पगार कापत असावेत). त्यांच्यापेक्षा माझा शब्द कितीतरी मराठी, कितीतरी वजनदार! पण कटकट म्हणे फक्त माझ्याच शब्दाची.

आम्ही गाझियाबादला एका नव्या सोसायटीत राहायचो. तेव्हा तिकडे शेतांतून इमारती उगवत होत्या. आमच्या बिल्डरच्या माहितीपत्रकात कारंजं होतं, प्रत्यक्षात नळालाही पाणी नव्हतं. (मी त्याला काय म्हणायचो, ते सांगायला नकोच.)

अशात नंदूला एक स्थळ आलं. शिरीष. इंजिनियर, मराठी, सरळ मुलगा. नंदू एकोणतीस वर्षांची, याआधी सात स्थळं चहा-पोहे खाऊन गेलेली. पण या शिरीषशी ती दोनदा फोनवर बोलली होती आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर उगाचच गुणगुणत होती. हे लग्न जमावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"राहतात कुठे?" मी विचारलं.

"पानिपतला," सुषमा म्हणाली. "वडील तिथे चादरींच्या कारखान्यात मॅनेजर आहेत. पंचवीस वर्षं झाली."

मी खो खो हसलो. बाकी कुणीच हसलं नाही.

"दादा, बेसिकली दोन तास," नंदू म्हणाली. "रविवारी ते येतील तेव्हा फक्त दोन तास तो शब्द उच्चारू नकोस. त्यांचं गाव आहे यार ते!"

"मग काय झालं? शब्दावरून रुसणारी माणसं कोत्या मनाची असतात! मी नाही माझा शब्द टाकणार. सव्वादोनशे वर्षं अख्खा महाराष्ट्र म्हणतोय, त्यांनाही सांगा जाऊन!"

"मी काही बोलत नाही," सुषमा म्हणाली. "पण तो शब्द तुमच्या तोंडून निघाला, तर पाहुणे पानिपतला जातील आणि मी नागपूरला."

नागपूर म्हणजे तिचं माहेर. मी तहाला तयार झालो.

रविवारी अकराला शिरीष, त्याचे वडील आणि आई आले. बैठक जमली. मी विचारलं, "काय काका, तिकडे थंडी कशी आहे?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... तुमच्या तिकडे."

काकांनी मुलाकडे पाहिलं. तेवढ्यात लाइट गेली.

"झालं! पा..." सुषमाने डोळे वटारले. "पा... पाणी! काका, पाणी घ्या ना!"

काका बिचारे प्याले. मग स्वयंपाकघरातून पोहे लागल्याचा वास आला. "पा... पाणी घ्या, काका!" मग नवी कोरी घडीची खुर्ची काकूंसकट घडी झाली. "पा... पाणी!" काका संकोची स्वभावाचे, मुलीच्या घरी नाही कसं म्हणायचं? तासाभरात त्यांच्या पोटात सात ग्लास गेले. आठव्याला ते हळूच म्हणाले, "जरा बाथरूम दाखवता का?"

आता आमच्याकडे लाइट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकी रिकामी, आणि घरात भरून ठेवलेलं होतं नव्हतं ते सगळं काकांच्या पोटात! आतून कोरड्या नळाची शिट्टी ऐकू आली. मी शेजारच्या चड्ढा भाभींकडे धावलो.

"भाभीजी, एक बाल्टी पानी!"

"हाय रब्बा, हमारे यहाँ तो सुबह से नहीं है जी!"

शेवटी खाली जाऊन हातपंपावरून बादली भरली, तीन मजले चढलो आणि आमच्याच उंबऱ्यावर पाय घसरून बादलीसकट बैठकीत शिरलो. अर्धी बादली माझ्या अंगावर, उरलेली काकूंच्या पैठणीवर! त्याच क्षणी काकांनी बाथरूमचं दार उघडलं. पाणी, चिखल, किंचाळणाऱ्या काकू, आडवा मी. काकांनी कपाळावर हात मारला आणि अगदी पोटातून म्हणाले,

"झालं! पुरतं गाझियाबाद झालं!"



"अहो!" काकू म्हणाल्या. "काय ठरलं होतं आपलं?"

"बाबा, दोन तास!" शिरीष म्हणाला. "फक्त दोन तास सांगितलं होतं तुम्हाला!"

मग कळलं की काकांचे चादरींचे ट्रक वर्षानुवर्षं गाझियाबादला अडकत आले होते, आणि त्यांच्या घरी काहीही बिघडलं की गाझियाबादच व्हायचं. दिवसातून किमान सहा वेळा!

मी ओल्या लेंग्यानिशी उभा राहिलो.

"काय म्हणालात? आमच्या गावाचं नाव असं घेता? घर आहे आमचं इथे!"

"अहो, तोंडात बसलंय ते..."

"तोंडात बसलंय? असल्या घरात मी बहीण देणार नाही!"

"आणि तुम्ही दिवसभर काय म्हणता?" सुषमा ओरडली.

"ते वेगळं! पानिपतचं पानिपत झालं, हा इतिहास आहे!"

आता काका लालबुंद झाले. "पंचवीस वर्षं त्या गावचं अन्न खाल्लंय मी! शब्द मागे घ्या!"

"आधी तुम्ही घ्या!"

काका मूळचे साताऱ्याचे, मी वर्ध्याचा, आणि आम्ही हरियाणा आणि उत्तर प्रदेशासाठी एकमेकांच्या अंगावर धावून जात होतो. कुणीच मागे हटेना. तेवढ्यात बाल्कनीतून हसण्याचा आवाज आला. नंदू आणि शिरीष कठड्याला धरून, डोळे पुसत हसत होते. सात स्थळं अगदी सभ्यपणे पार पडली होती, पण तिला असं हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"दादा, लग्न मी याच्याशीच करणार," ती आत येऊन म्हणाली. "दोन्ही घरांत एकेक असा माणूस आहे. कुणालाच कुणाची लाज वाटायला नको."

मग तिनेच तह घडवला. दोन्ही गावांची नावं दोन्ही घरांत बंद.

"मग गोंधळ झाला तर म्हणायचं काय?" काकांनी विचारलं.

लग्नाला आता सहा वर्षं झाली. तह सगळे पाळतात, मी सोडून. मी अजूनही बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त 'पानिपत' म्हणून घेतो, कुणाच्या बापाला भीत नाही. परवा नंदूचा फोन आला होता. बोलता बोलता तिकडे काहीतरी धडाडकन पडलं, भाची रडायला लागली, आणि मागून काकांचा खणखणीत आवाज आला, "झालं! पुरता श्रीकांत झाला!"

श्रीकांत माझं नाव.