शोधनिबंधातली आई

लेक आणि तिच्या तिघी मैत्रिणी घरी कागद पसरून कॉलेजचा शोधनिबंध मिळून लिहीत होत्या. विषय आपापल्या आयांच्या शिक्षणाचा. मी चहा घेऊन गेले.

"तुझ्या आईचं काय गं?" एकीनं विचारलं.

"चौथी. पण निरक्षरच लिहिते, ते उठून दिसतं," लेक म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मला चार माणसांत बोलता येत नाही. आपल्याच माणसाला आपण किती सहज पुसून टाकतो. त्या चौथीसाठी मी रोज ओढा ओलांडून शाळेत जायची. लेकीचा हात धरून पहिला अ मीच गिरवून घेतला होता.

रिकामे कप उचलताना मला लेकीनं लिहिलेला तो शब्द दिसला. न अडखळता वाचला मी.