वाटणीचा बांध

आमच्या गावात हवालदारांबद्दल दोन मतं होती. एक, माणूस म्हणजे देवमाणूस. दुसरं, माणूस म्हणजे डोक्याला ताप. मी दुसऱ्या पक्षातला. त्यांचं शेत माझ्या शेताला लागून, त्यामुळे तापाचा मोठा हिस्सा माझ्याच वाट्याला यायचा.

गाव कळव्याजवळ, खाडीच्या काठी. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि शेतं नि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध. आगगाडी खाडी ओलांडून कल्याणाकडे जाऊ लागली होती, तिचं कौतुकही ओसरलं होतं. आमचा सगळा हिशेब भरती-ओहोटीचा. अमावास्या-पुनवेला भर दुपारी उधाण यायचं. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं, की ते शेत पुढचे दोन-तीन पावसाळे गेलंच म्हणून समजा.

हा बांध घराघरांत वाटलेला. ज्याच्या शेतापुढे जेवढा, तेवढा त्याचा. दुसऱ्याच्या वाटणीच्या बांधाला फावडं लावायचं नाही, असा रिवाज. लावलंत तर तुमचा त्या शेतावर डोळा आहे असं समजायचं. त्यावरून डोकी फुटलेली मी स्वतः पाहिली आहेत.

हवालदार पलटणीतून पेन्शनीत निघून गावी आले, त्याच पावसाळ्यात एका विधवा बाईच्या बांधाला खांड पडली. बाईच्या घरात पुरुष माणूस नाही, भाऊ कल्याणात. त्याला बोलावणं गेलं आणि तो येईपर्यंत आम्ही सगळे फावडी टेकून काठावर उभे. पाणी डोळ्यांदेखत आत चाललेलं. हवालदार आले, त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि धोतर खोचून सरळ खांडीत उतरले.

"हवालदार, बाहेर निघा! बांध तुमचा नाय!" कुणीतरी ओरडलं.

"मग खाडी कुणाची रे? तुझ्या बापाची?"

एकट्याने काय होणार? शेत बुडालंच. वर महिनाभर गावात चर्चा, की म्हातारा पलटणीतून आला आणि लगेच रांडवेच्या जमिनीवर टपला. त्यांच्या कानावर हे गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मागे लागले.

त्यांचं म्हणणं असं, की बांध एक आहे, तेव्हा बुजवणारा हातही एकच हवा. आम्ही खांड बुजवायचो म्हणजे जो तो आपली टोपली घेऊन धावायचा, एकमेकांवर आदळायचा, चिखलात लोळायचा. त्यांनी रांग शिकवली. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात, पेंढ्याचा भारा त्याच वाटेने, आणि काही झालं तरी रांग सोडायची नाही. देवळातला ढोल वाजला की ते बांधावर उभे राहून ओरडायचे, "फालीन!" हा पलटणीतला साहेबी शब्द, म्हणजे रांगेत या. आधी आम्ही पोट धरून हसलो. पोरंटोरं तर जेवणाच्या पंगतीतही फालीन करायची. पण म्हातारा हटेना. उन्हाळ्यात कोरड्या बांधावर तालीम, सणाच्या दिवशी तालीम. मी एकदा वैतागून म्हणालो, "हवालदार, लढाई संपली हो तुमची!" तर म्हणाले, "संपली असती तर मला तू कशाला लागला असतास?"

हळूहळू लोक येऊ लागले. कुणाची खांड आहे हे न विचारता येऊ लागले. मीही जायचो, कुरकुरत.

मग एका श्रावणातलं उधाण आलं. गावच्या गोड्या विहिरीलगत खांड पडली. ती पुन्हा त्या बाईच्याच वाटणीत. ढोल वाजला, रांग लागली. निम्मं काम झालं असेल-नसेल, तोच पलीकडे बांध कोसळला. तो हवालदारांचा होता. पाणी त्यांच्या भातात घुसताना आम्हाला रांगेतून स्वच्छ दिसत होतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "गोळा पुढे द्या." विहीर वाचली. आमच्या दोघांच्या मधल्या बांधामुळे माझं शेतही वाचलं. त्यांचं गेलं. त्या दिवशी मला त्या माणसाचा फार राग आला, आणि त्या रागाने मी घरी जाऊन जेवलो नाही.

त्यांनी पुढे त्या शेताचं नाव काढलं नाही. बांध नीट घातला, पावसाने मीठ धुऊन जायची दोन पावसाळे वाट पाहत बसले. त्यांना घोर होता तो वेगळाच. आजारी पडल्यावर मी भेटायला गेलो की एकच विचारायचे, "मी ओरडायला नसलो, तर हे उतरतील का रे? की परत फावडी टेकून उभे राहतील?" मी म्हणायचो, उतरतील हो. मला स्वतःला खात्री नव्हती. त्यांनाही माझी नव्हती.

ते गेले भाद्रपदात, अमावास्येला. त्याच पावसाळ्यात त्यांच्या शेतात पुन्हा भात उभं राहिलं होतं, नुकतं पोटरीला आलेलं. आमचं मसण बांधाच्या टोकाला. दुपारी तिरडी घेऊन बांधावरून निघालो. त्यांचा मुलगा मडक्यात विस्तव घेऊन पुढे. विसाव्याच्या दगडाशिवाय तिरडी कुठेही खाली ठेवायची नसते, आणि दगड अजून लांब होता.

त्यांच्याच शेतापाशी बांध खचला. आमच्या डोळ्यांसमोर खांड पडली आणि पाणी आत घुसलं. मुलगा थांबला. एकदा शेताकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. पुढं चला."

ढोल नव्हता. ओरडणारा आमच्या खांद्यावर होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या दोघांनी गुडघे वाकवले. मग आम्ही मागच्यांनीही वाकवले. तिरडी बांधावर टेकली आणि रांग लागली. फावडी नव्हती, हातांनी चिखल उपसला. पेंढा नव्हता, तर ज्याच्या त्याच्या खांद्यावरची घोंगडी खांडीत गेली. मुलगा बापाच्या पायांशी बसून मडक्यातला विस्तव फुंकत राहिला, विझू नये म्हणून. खांड बुजली. भात उभं होतं.

हात धुवायला कुणी थांबलं नाही. चिखलाच्या हातांनीच तिरडी उचलली. उचलताना माझ्या शेजारचा वाकून हळूच म्हणाला, "हवालदार, उतरलो हां." मला रडू आवरेना. तसाच रडत मसणापर्यंत गेलो.