शॉटगनला साइट बसवताना

बंदुकीच्या दुकानात चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. डब्यात उरलेल्या स्क्रूंसारखे. कुठल्या कामातले ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत.

२०१४ साली परदेशात, हॅमिल्टनला माझा डिप्लोमा संपला आणि तिथेच ग्रॅहमच्या दुकानात मागच्या दुरुस्तीच्या टेबलावर मला काम मिळालं. बंदुकांवर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन बसवायचं. कोल्हापूरला आई नातेवाइकांना सांगायची, "स्पोर्ट्सच्या दुकानात आहे." खोटं नव्हतंच ते! ग्रॅहम मालक, सत्तरीचा. पहिल्या दिवशी मी त्याला 'सर' म्हटलं, तर मागे वळून म्हणाला, "कोण आलंय?"

दर एप्रिलला एक हरीण मारून आणायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. पण उजवा डोळा दगा द्यायला लागला होता. तो हे कोणालाच सांगत नव्हता आणि मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं.

*

शॉटगनच्या नळीच्या टोकाला एक पितळी मणी असतो. बदकांना तेवढा पुरतो, कारण छऱ्यांचा फवारा उडतो. हरणासाठी मात्र स्लग, म्हणजे एकच जाड गोळी वापरतात, आणि तिथे मण्यावर भागत नाही.

एक गाईंचा फार्मवाला आला. रायफलवरची जुनी दुर्बीण शॉटगनवर बसवून दे म्हणाला. मी म्हटलं, "हिच्यात डोळा फार जवळ न्यावा लागतो, आणि स्लगचा धक्का जबर असतो. भुवई फुटेल."

"माझी भुवई, माझी दुर्बीण!" बसवून दिली.

सोमवारी हजर. भुवईवर अर्धचंद्राकृती जखम, वर प्लास्टर. आता शिव्या पडणार म्हणून मी तयारीत होतो.

"स्वीट अ‍ॅज, मेट! एकदम झकास! दर वेळी नेमकी त्याच जागी लागते."

"गोळी?"

"छे, दुर्बीण!"

*

आमच्या ओळखीतला शिरीषदादा पुण्याचा, आयटीतला, हॅमिल्टनच्याच रोटोटुना भागात घर. त्याच्या ऑफिसातल्या मित्राचा टे कुइटी गावाकडे फार्म होता आणि हरणं तिथलं गवत फस्त करत होती. रायफलची गोळी फार लांब जाते आणि पलीकडे वस्ती, त्यामुळे मित्र रायफल आणू देत नव्हता, फक्त शॉटगन. दादाने लायसन्स काढलं, बंदूक घेतली, आणि साइट निवडायला तीन महिने लावले. एक्सेलमध्ये सतरा कॉलम! वजन, बॅटरी, काचेचा रंग, सगळं.

ग्रॅहमने ते कागद उलटसुलट केले. "हे हरणाला वाचून दाखवणार आहेस का?"

शेवटी एका शनिवारी वैदेहीवहिनी सोबत आल्या. काउंटरवरच्या चार साइट एकेक करून डोळ्याला लावल्या. लाल ठिपकेवाली हातात ठेवून म्हणाल्या, "अरे, यात पटकन दिसतंय. ही घे. मला अजून भाजी घ्यायचीय."

ग्रॅहमने मला विचारलं, "ही आपल्याकडे नोकरी करेल का?"

*

ती साइट नळीच्या वर बोटभर उंच बसते. दस्त्याला गाल टेकवला तर ठिपका दिसत नाही, आणि ठिपका दिसला तर गाल हवेत. मी सांगितलं, "दादा, दस्त्यावर एक फोमची पट्टी लावून देतो."

"हॅ! घरी करतो मी ते."

पुढच्या आठवड्यात त्याने बंदूक आणली. दस्त्यावर क्रिकेटचा थाय पॅड, त्यावर क्रेप बँडेज गच्च गुंडाळलेलं.

ग्रॅहमने बंदूक हातात घेतली, नीट निरखली आणि शांतपणे विचारलं, "कितव्या नंबरला बॅटिंग करते ही?"

नेमबाजीच्या रेंजवर दादाने चाळीस मीटरवरच्या कागदी ताटलीत तीनच्या तीन स्लग घातल्या. मग आमचं हसणं जरा कमी झालं.

*

ऑक्टोबरात दादा तणतणत आला. "डिफेक्टिव्ह पीस आहे! एकाच्या जागी दोन ठिपके दिसतात. एक बारीक, एक ढब्बू."

ग्रॅहमने साइट चालू-बंद करून पाहिली. बॅटरी काढली तरी ढब्बू ठिपका जाईना! मी काच बघितली आणि आदल्या दिवशीची तिथी आठवली. दसरा! वहिनींनी लॅपटॉप, गाडी आणि बंदूक अशी साग्रसंगीत पूजा केली होती, आणि हळदीकुंकवाचं बोट बरोब्बर काचेच्या मधोमध टेकवलं होतं. खालच्या स्क्रूत एक अक्षताही अडकली होती.

हत्यारांची, अवजारांची पूजा कशी करतात, ते मी ग्रॅहमला सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. पुढच्या दसऱ्याला सकाळीच म्हणाला, "माझ्या ड्रिल मशीनला लाव ते लाल." मग थांबून, "काचेला नको."

*

त्याचं स्वतःचं मात्र कुठल्याच साइटशी जमेना. मणी पुसट झालाय म्हणून मोठा मणी लावायला सांगितला. मग हिरवा चमकणारा. मग डोळ्याजवळ गोल कडी असलेली साइट. "हल्ली साइट बनवणारेच बिघडलेत!" म्हणायचा, आणि खोक्यावरची अक्षरं मात्र माझ्याकडून वाचून घ्यायचा.

एका दुपारी चहाचा मग विसळताना आपणहून बोलला. उजव्या डोळ्याच्या मधोमध धुकं आहे, ते आता जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. डाव्या खांद्यावरून मारायचा प्रयत्न त्याने करून पाहिला होता, जमलं नव्हतं. "या एप्रिलला एक हरीण. जमलं तर मी अजून शिकारी. नाहीतर नुसता दुकानदार."

मला फार वाईट वाटलं. भीतीही वाटली, कारण साइट मीच बसवणार होतो. जन्मभर ज्याने बॅटरीच्या साइटची टिंगल केली, त्याच्या बंदुकीवर मी सगळ्यात मोठा लाल ठिपका बसवला. रेंजवर पांढऱ्या ताटलीत तीनपैकी तीन! त्याने माझी पाठ थोपटली, आणि घरी जाऊन मी आईला फोन करून सांगितलं.

*

एप्रिलात आम्ही दोघं दादाच्या मित्राच्या त्या फार्मवर गेलो. नर हरणं या महिन्यात ओरडतात, दरी दणाणून जाते. पहाटेपासून नेच्याच्या झुडपांमागे बसलो. आठच्या सुमारास तीस पावलांवर झुडपांच्याच रंगाचा एक नर बाहेर आला आणि आडवा, उघड्यावर उभा राहिला.

ग्रॅहमने बंदूक खांद्याला लावली. सेफ्टी सरकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी कुजबुजलो, "नर आहे. मागे मोकळी टेकडी आहे. मार."

बोट चापाजवळ गेलं आणि तिथेच राहिलं. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले. नर अजून उभाच होता.

ग्रॅहमने सेफ्टी लावली, बंदूक खाली घेतली. स्लग काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"तू हरीण पाहिलंस, मेट. मी नुसता ठिपका पाहिला."

नर सावकाश नेच्यांत निघून गेला. आम्ही थर्मास उघडला. मी दोन कपांत चहा ओतला.

मग त्याने विचारलं, "शिंगांना फाटे किती होते?"

"आठ."

"दहा म्हण," चहात फुंकर घालत ग्रॅहम म्हणाला. "बायकोला मी दहा सांगणार आहे."