लूपरमधला चौथा ठोका

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. नोकरीच सॉफ्टवेअर टेस्टिंगची... चूक दिसली की ती पुन्हा घडवून दाखवायची, तरच ती खरी. हे मात्र पुन्हा घडलंच नाही.

आम्ही उरवडे गावचे. गिटार मला दादाने शिकवली. तो रिदम, म्हणजे मागचे कॉर्ड वाजवायचा; मी लीड, म्हणजे वरची धून. दर चौथ्या ठोक्याला तळहाताने तारा दाबून 'थप्प' करायचा, ती त्याची खोडच होती. आठ महिन्यांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली. पाय सुधारला, हात नाही. तो पुन्हा वाजवेल असं कोणी म्हणेना.

मग मी नोकरीसाठी राहतो त्या मारुंजीच्या फ्लॅटवर लूपर आणला. पायाने दाबायचं पेडल... चार कॉर्ड एकदा वाजवले की ते तेच फिरवत राहतं, वर आपण लीड वाजवायची. थोडक्यात, दादाच्या जागी डबी आणून ठेवली. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू!

त्या रविवारी दुपारी सगळी पेडलं पुसून पुन्हा जोडली. बाल्कनीतून तिरपं ऊन आत आलं होतं, खाली कुणाचं तरी सामान टेम्पोतून उतरत होतं. स्वच्छ टोनमध्ये रिदम भरला आणि लीडसाठी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, दाबलं. लीड छान खरखरीत आली, मागे रिदम तसाच नितळ. आणि चौथ्या ठोक्याला — थप्प.

मी ते वाजवलं नव्हतं. मला ते जमतच नाही.

भीती नाही वाटली. थांबावंसंच वाटेना. डोळे मिटून वाजवत राहिलो... ऊन पायांवरून भिंतीवर गेलं, टेम्पो कधीच निघून गेला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं.

फोन वाजला तेव्हा थांबलो. उरवड्याहून वहिनी होती. "भावजी, हे मघाधरनं चादरीवर बोटं वाजवत्यात... उजव्या हाताची!"

उठताना केबलकडे लक्ष गेलं. लूपर मी चुकून ओव्हरड्राइव्हच्या आधी जोडला होता. तसं जोडलं की लीडचा टोन रिदमलाही लागतो आणि सगळा चिखल होतो. मग मघाशी रिदम नितळ कसा? पुन्हा लावून पाहिलं — चिखलच झाला. 'थप्प' तर कुठेच नव्हतं.

संध्याकाळी उरवडे गाठलं. दादा उशीला टेकून बसला होता. शब्द अजून जड येतात त्याचे. उजवा हात दाखवत म्हणाला, "लीड लई लांबवलीस रं. दुखतंय की मला."

मी वाजवत होतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी फक्त त्याचा हात चोळत बसलो.