ज्या घरातून आवाज आला नाही

समुद्राला तोंड करून उभ्या असलेल्या त्या गल्लीत मिस्त्रीला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्याला उघडझाप मिस्त्री म्हणत, आणि कारणही तसंच होतं. पेटी असो नाहीतर कपाट, काम हातावेगळं होत आलं की हा बाबा शेवटचा खिळा मारायचा, मान तिरकी करून क्षणभर उभा राहायचा, आणि मग जंबूर घेऊन तोच खिळा उपटायचा. फळी सरकवून आत डोकावायचा. आत काय असणार? भुसा. मग पुन्हा ठोकाठोक. एकदा तर एका नवरदेवाचा बाप लग्नाचं कपाट न्यायला हातगाडी घेऊन आला होता. कपाट गाडीवर चढलं, दोरी बांधून झाली, आणि मिस्त्रीने ते पुन्हा खाली उतरवून त्याची पाठ उघडली. नवरदेवाचा बाप म्हणाला, "काय मिस्त्री, सून आधीच आत बसवून ठेवली की काय?" गल्ली पोट धरून हसली. मिस्त्रीही हसला. हसताना त्याचा तळहात कपाटाच्या फळीवर दाबलेला होता, तेवढं कोणी पाहिलं नाही.

त्याच्या बायकोला मात्र सगळं ठाऊक होतं. लाकूड बंद झालं की आतून मिस्त्रीची मावशी बोलायची.

ही मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. गल्लीच्या टोकाचं घर तिचं. आवाज असा, की ती घरात कुजबुजली तरी धक्क्यावरच्या माणसाला आपली चूक कळावी. दिवसभर कोणाची ना कोणाची कानउघाडणी चाललेली. पण वादळाच्या आधी घरांना फळ्या ठोकायची वेळ आली, की हीच बाई ओठ असे मिटायची की जणू शिवून टाकलेत.

तशी रीतच होती तिथली. वादळ येतंय म्हटलं की माणसं सामान घेऊन टेकडीवरच्या शाळेत जायची, आणि मागून मिस्त्री रिकाम्या घरांना बाहेरून फळ्या ठोकत यायचा. आधी मागचं दार, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी पुढचं दार. दारं बाहेर उघडणारी, त्यामुळे आतल्या कडीचा काही भरवसा नाही. वारा दार ओढून काढतो आणि त्यामागोमाग छप्पर. आणि ठोकताना बोलायचं नाही. ठोकणाऱ्याने नाही, जवळपास असणाऱ्यानेही नाही. माणसाचा आवाज आला की वादळाला कळतं, या घरात कोणीतरी आहे, मग ते तिथेच मुक्काम ठोकतं, असं म्हातारी माणसं सांगायची. लहानपणी मिस्त्री एकदा फळी धरताना फिसकन हसला होता. मावशीने दंडाला असा चिमटा काढला की वळ चांगला आठवडाभर राहिला.

मागच्या मोठ्या वादळात मावशी सगळ्यांबरोबर शाळेत पोचली होती. चष्मा घरी विसरला म्हणून कोणाला न सांगता परत फिरली. मिस्त्री तेव्हा तिच्याच घराच्या बाजूच्या खिडकीला फळी ठोकत होता. ती पुढच्या दाराने आत आली, दार ओढून घेतलं. चष्मा शोधेपर्यंत मिस्त्री वळसा घालून पुढे आला. दार बंद दिसलं, फळी लावली, ठोकली. आत मावशी होती आणि तिने तोंड उघडलं नाही. ठोकणं चालू होतं ना. संपलं की हाक मारू, असं तिच्या मनात असेल. पण ठोकणं संपलं तेव्हा मिस्त्री पायऱ्या उतरून चालूही लागला होता आणि वाऱ्यात हाकेचं काय होणार. वर शाळेत त्याला वाटलं, मावशी बायकांच्या खोलीत आहे. बायकांना वाटलं, ती भाच्यापाशी आहे.

पाणी ओसरल्यावर त्यानेच फळ्या काढल्या. मावशी खाटेवर बसलेली होती, चष्मा डोळ्यांवर, हात मांडीत. दाराला आतून नखाचा ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानंतर पहिली पेटी बंद केली तेव्हाच आवाज आला. रडका नाही, रागाचा नाही. स्वयंपाकघरातून कोणी बाहेरच्या माणसाला विचारावं तसा. "झालं का रे?"

आणि आता पुन्हा वादळ येत होतं.

सकाळपासून इशाऱ्याचा कर्णा ओरडत होता. समुद्र शिशासारखा झाला होता आणि धक्क्यावरचा एकही पक्षी जागेवर नव्हता. पुरुष होड्या वर ओढत होते, बायका वाळूची पोती दारात रचत होत्या, पत्र्यांवर दोर टाकले जात होते. शाळेच्या हेडबाई साडीचा पदर खोचून सगळ्यांना हाकलत होत्या, आणि बाकी सगळे वर गेल्यावर मिस्त्रीच्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, फळ्या कधी ठोकणार?"

"बाई, दुसऱ्या कोणाला सांगा ना. मी उचलून देतो, धरतो. ठोकत नाही."

"दुसरा कोण आहे? लोहाराला सांगू? तो खिळा सोडून अंगठा ठोकतो."

लोहार तिथेच उभा होता. मिस्त्रीचा लहानपणापासूनचा दोस्त, आवाजाचं त्यालाही ठाऊक. "खरं आहे बाई," तो म्हणाला, "माझा हातोडा फक्त तापलेल्या वस्तूचं ऐकतो. घरी बायकोचा स्वभाव तसाच आहे म्हणून निभतंय."

हेडबाई हसल्या नाहीत. मिस्त्रीकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "गल्ली रिकामी आहे. मी प्रत्येक घरच्या माणसाला तोंडाने विचारून घेतलंय. कोणी मागे नाही."

मिस्त्रीची बायको भांडी बांधत होती. ती उठली, त्याच्या कमरेला खिळ्यांची पिशवी बांधली आणि गाठ मारताना म्हणाली, "आवाज येणार. येऊ दे. प्रत्येक घर पुन्हा उघडत बसलात तर अर्धी गल्ली उघडी राहील आणि तुम्हीही वर पोचणार नाही. मागे फिरायचं नाही. माझी शपथ आहे."

"आणि खरंच कोणी आत असलं तर?"

"बाईंनी विचारलंय ना सगळ्यांना."

"त्या वेळीही सगळ्यांना वाटलंच होतं," मिस्त्री म्हणाला, आणि हातोडा घेऊन निघाला.

पहिलं घर जाळी विणणाऱ्याचं. लोहाराने फळी धरली, मिस्त्रीने ठोकलं, दोघंही मुके. शेवटच्या खिळ्याचं डोकं लाकडात बसलं आणि आतून आलंच, "झालं का रे?" जंबुराकडे हात गेला. लोहाराने त्याचा दंड धरून पुढच्या घराकडे ढकललं. पुढचं घर बर्फवाल्याचं, त्याच्या पुढचं सुईणीचं. प्रत्येक घरातून तोच प्रश्न, त्याच सुरात. मावशी जणू भिंतीतून भिंतीत त्याच्याबरोबर चालत होती. वारा आता अंगावर रेटा देऊ लागला होता. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्याने की कशाने, लोहाराने विचारलं नाही.

गल्लीचं आता शेवटचं घर शिंप्याचं. मावशीच्या पडक्या घराच्या जागेला अगदी लागून. मागचं दार झालं, खिडक्या झाल्या. पुढचं दार ओढलेलंच होतं. मिस्त्रीने फळ्या आडव्या लावल्या, ठोकल्या, शेवटचा खिळा बसवला आणि मान तिरकी केली.

काही नाही.

त्याने कान फळीला लावला. आतमध्ये नुसती शांतता. किती वर्षांत असं लाकूड त्याला भेटलं नव्हतं. त्याच्या छातीवरचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. पायऱ्या उतरल्यावर तो लोहाराला म्हणाला, "थांबलं रे. गेली ती. सुटली बिचारी."

"चल मग. आपणही सुटू," लोहार म्हणाला.

दोघं टेकडी चढू लागले. मिस्त्री चक्क शीळ घालत होता, जरी वारा ती शीळ तोंडातच मोडत होता. निम्मी चढण झाली असेल. खाली बघावं म्हणून तो वळला. गल्ली फळ्यांनी मिटलेली, तोंडावर हात ठेवून बसलेल्या माणसांच्या रांगेसारखी. आणि तो तिथेच थांबला.

मावशी बोलायची ती रिकाम्या पेटीतून. रिकाम्या कपाटातून. आज रिकाम्या घरांतून. आत माणूस असताना, बाहेर खिळे पडत असताना, ती तोंड उघडणारी बाई नव्हतीच. जन्मभर नव्हती. त्या दिवशी तर नव्हतीच नव्हती.

"मला परत जायचंय," तो म्हणाला.

लोहाराने कपाळावर हात मारला. "आवाज आला का पुन्हा?"

"नाही आला."

"मग?"

"म्हणूनच जायचंय."

लोहाराने त्याच्याकडे बघितलं. समजलं काहीच नाही. पण दोस्तीत समजण्याची अट नसते. "तुझ्या बायकोला तोंड तू द्यायचंस," एवढंच म्हणून तो त्याच्यापुढे उतरू लागला.

पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं. मिस्त्रीने जंबूर लावलं, लोहाराने पहार. फळी निघाली, दुसरी निघाली, आणि वाऱ्याने दारच हिसकावून भिंतीवर आपटलं. आतल्या अंधारात शिंप्याची आई शिलाई मशीनच्या स्टुलावर ताठ बसली होती. पाय पायपट्टीवर, दोन्ही हात मशीनच्या चाकावर, ओठ घट्ट मिटलेले. मिस्त्रीला त्या ओठांकडे बघवेना.

"काकू, तुम्ही इथे कशा?" तो म्हणाला.

म्हातारीने आधी हातोड्याकडे बघितलं. तो त्याच्या कमरेला आहे, हातात नाही, याची खात्री करून घेतली आणि मग तोंड उघडलं. "मशीन एकटं ठेवून जाऊ? माझा मुलगा म्हणतो, जड आहे, राहू दे. याच मशीनने वाढवला त्याला."

"अहो पण मी ठोकत होतो. एक हाक मारायची ना."

"ठोकताना बोलायचं नसतं," म्हातारी म्हणाली. "तुझ्या मावशीने शिकवलं नाही का तुला?"

मिस्त्री तिच्याकडे पाठ करून खाली वाकला. लोहाराने मग प्रश्नोत्तरं आवरती घेतली आणि म्हातारीला पोत्यासारखं उचलून मिस्त्रीच्या पाठीवर घातलं. "काकू, मशीन नंतर नेऊ. तुम्ही हलक्या आहात, आधी तुम्ही." पुन्हा फळी लावायचा प्रयत्न त्यांनी केला, पण वारा फळी धरू देईना. उघडं दार तसंच आपटत ठेवून ते निघाले. वर चढताना म्हातारी मिस्त्रीच्या कानाशी सारखी बोलत होती: दार उघडं टाकलंस, माझं घर उघडं टाकलंस, मेल्या. मिस्त्रीला पाठीवर तिचं काळीज धडधडताना कळत होतं. तो हूं हूं करत चढत राहिला.

शाळेच्या दारात शिंपी भेटला. आई बायकांच्या खोलीत आहे अशीच त्याची समजूत होती. मिस्त्रीच्या पाठीवर ती दिसली तेव्हा त्याने पुढे होऊन तिला उतरवून घेतलं.

वादळाने गल्लीतलं एकच घर नेलं, शिंप्याचं. छप्पर गेलं, भिंती गेल्या, मशीन वाळूत कुठे गेलं त्याचा पत्ता लागला नाही. फळ्या असत्या तर घर राहिलं असतं, असं म्हातारी जो भेटेल त्याला सांगायची. शिंप्याचं बिऱ्हाड मग मिस्त्रीच्या दुकानासमोरच आलं, म्हणजे सोयच झाली. रोज सकाळी ती उंबऱ्यात बसून समोरच्या मिस्त्रीचा उद्धार करायची. "माझं घर बुडवलं याने. चांगलं ठोकलेलं घर उघडलं." मिस्त्री रंधा बाजूला ठेवायचा आणि तिचं संपेपर्यंत ऐकायचा. लोहार म्हणायचा, "अरे, एवढ्या शिव्या मी खाल्ल्या असत्या तर गाव सोडलं असतं." मिस्त्री म्हणायचा, "बोलते आहे ना. बोलू दे."

गिऱ्हाइकांना वाटलं, मिस्त्री सुधारला. शेवटचा खिळा मारतो, जरा कान देतो, आणि पेटी पुन्हा न उघडता देऊन टाकतो. आतून "झालं का रे?" आलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, हे त्यांना कोण सांगणार.

पण एकदा त्याने एक लहानशी पेटी केली, सागवानी, छान चौकोनी, कोणा मुलीच्या कपड्यांसाठी. झाकणाच्या पट्टीला शेवटचा खिळा बसला आणि त्याने कान दिला. आवाज आला नाही. संध्याकाळी बायकोने उचलून बघितली. हलकी होती.

"मावशी शांत झाली असेल आता," बायको म्हणाली. "एकदा उघडून बघा म्हणजे कळेल."

मिस्त्रीने जंबूर हातात घेतलं. "आणि रिकामी निघाली तर?" तो म्हणाला. मग ते भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवलं.

पेटी दुकानाच्या कोपऱ्यात आहे. येणारा जाणारा भाव विचारतो, मिस्त्री म्हणतो, विकायची नाही, भरलेली आहे. बायको रोज तिच्यावरचा भुसा फडक्याने झटकते, आणि झटकताना बोलत नाही.