चांद्याच्या रात्री, तुला माहीत असाव्यात म्हणून

शेवंता, आम्ही गाव सोडलं ते भर दुपारी. एसटी सुटेपर्यंत आपले बाबा खिडकीपाशी एकच सांगत होते, "रातच्याले कोनी नाव घेऊन हाक देली तरी ओ देऊ नोको." जंगलातले बंदूकवाले रात्री येऊन भाकर मागत, आणि ती कोणी दिली हे विचारायला दुसऱ्या रात्री पोलीस येत. दिवस मावळला की दिवा मालवायची सवय घेऊनच मी चांद्यात आले. आता तूही संसार घेऊन येते आहेस, म्हणून इथल्या रात्री सांगते.

जटपुरा गेटपाशी रात्री दहालाही माणसं चहा घेत उगाच उभी असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, नक्कीच कोणाला तरी मारलंय. गोल बाजारात दुकानांची शटरं धाडकन पडतात. त्या आवाजाने मी दोनदा रस्त्यातच खाली बसले आणि तुझे भाऊजी हसले. बिनबा गेटाबाहेर जाऊ नकोस. तिथला काळोख अगदी आपल्या गावासारखा आहे.

आम्ही राहतो घुटकाळ्यात. रमजानात इथे पहाटेपर्यंत तवे चालू असतात, पोरं रस्त्यावर खेळतात. शेजारी सायकली दुरुस्त करणारे शकीलचाचा आणि चाची राहतात.

भाऊजी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते, बसने रात्री अकराला परतत. एका रात्री बस आली नाही. दारावर थाप पडली. "भाभी, दरवाजा खोलो. भाऊच्या पायाले लागलं, दवाखान्यात नेलं हाय."

आवाज चाचांचाच होता, मला कळत होतं. तरी मी दिवा मालवला आणि बाळाच्या तोंडावर हात धरला. ओळखीची हाक देऊनच तर आपल्याकडेही बोलावतात. ते पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले, मग सायकलवरून एकटेच दवाखान्याकडे निघून गेले. मी उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसले होते.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर चाची बसलेल्या, मांडीवर डबा. रात्रभर तिथेच होत्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "डरू नको बेटी. तू अकेली होती ना, म्हनून बसली."

भाऊजींचा पाय वाचला, थोडे लंगडतात. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना त्यांनी मला शोधलं आणि समोर चाचा होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी अजून विसरले नाही.

भीती गेली म्हणशील तर नाही गेली. गावाची आठवण आली की मला बाबांचं दार दिसतं. अंधार पडल्यावर मी स्वतः हाक मारली तरी ते उघडणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. घर कुठे विचारलंस तर मी चाची रात्रभर बसल्या ती पायरी दाखवीन.

तुझ्या पहिल्या रात्री मी तुझं दार वाजवायला येईन. मलाही भीती वाटेल. तू उघड.