लॉट तेवीसची रिकामी चौकट

आधीच सांगून ठेवतो, भूतखेत, करणी, बाहेरचं वगैरे मी कधी मानलं नाही. वडील कचेरीत होते, आजोबा शाळामास्तर. आमच्या घरी लिंबू सरबतालाच वापरतात. हे लिहितोय ते बायकोमुळे. ती म्हणाली, "कुठेतरी लिहून टाका आणि माझं डोकं खाणं सोडा."

खाली "वायरस असेल", "लूज कनेक्शन असेल" असं लिहायला काही शहाणे येतीलच. बाबांनो, चौदा वर्षं मी हेच करतोय. तुम्हाला सुचेल ते सगळं मी आधीच तपासून बसलोय.

मी यवतमाळला राहतो. छोट्या कंपन्यांना डॅशबोर्ड करून देतो. म्हणजे असं, की कंपनीच्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर एक्सेलची फाइल असते. तिथे मी एक छोटा प्रोग्राम बसवतो. तो ठरल्या वेळी ती फाइल उचलतो, इंटरनेटवर नेतो आणि मालकाला मोबाइलवर ताजे आकडे दिसतात. याला रिफ्रेश म्हणतात. एकदा लावून दिलं की कोणी हात लावायची गरज नाही.

मागच्या उन्हाळ्यात असंच एक काम एका सोयाबीन बियाण्याच्या कंपनीचं होतं. आर्णी रोडने महागाव, तिथून फुलसावंगीच्या रस्त्यावर दोनेक किलोमीटर. पुढे ऑफिस आणि वजनकाटा, मागे गोदाम, गोदामाच्या कोपऱ्यात टिनाच्या छताची एक खोली. त्या खोलीत उगवण तपासायचे. मालकाला सगळे शेटजी म्हणायचे. त्यांना रोज अकरा वाजता प्रत्येक लॉटचा उगवणीचा आकडा मोबाइलवर हवा होता. तोच आकडा, मोजणाऱ्याच्या नावासकट, आसपासच्या कृषी केंद्रवाल्यांनाही दिसायचा, म्हणजे ते बघूनच माल मागवतील.

तो आकडा काढायच्या शोभाताई. फुलसावंगीच्याच, घरची सोयाबीन-तुरीची शेती, वय पन्नाशीच्या आसपास. लॉटमधले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या बारदान्यावर, म्हणजे गोणपाटावर, ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची आणि आठव्या दिवशी उघडून किती धड कोंब आले ते मोजायचं. सत्तरच्या खाली आला तर लॉट विकता येत नाही. बाईंची पद्धत अशी की दोनदा मोजायचं. दोन्ही वेळा सारखा आकडा आला तरच फाइलमध्ये लिहायचा. नाही आला तर चौकट रिकामी ठेवायची आणि नवे शंभर दाणे लावायचे. शेजारच्या रकान्यात, मोजणी कोणी केली तिथे, "शोभा" हे नाव मात्र आधीच टाकलेलं असायचं.

माझं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. रिकामी चौकट आली की माझा आलेख मधेच तुटायचा आणि शेटजी मला फोन करायचे. मी त्यांना सरळ म्हणालो, "ताई, काहीतरी आकडा टाकत जा. नंतर बदला."

त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. "दोनदा मोजल्याबिगर मी नाही लिहत जी."

"अहो, पण रिकामं दिसतं ना!"

"रिकामं हाये तं रिकामंच दिसन. तुमाले कायले तरास होऊन राह्यला?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. पाचवी-सहावी शिकलेली बाई मला माझं काम शिकवते, हेच तेव्हा डोक्यात होतं.

मे महिन्यात त्या तापाने आजारी पडल्या आणि आठ दिवसांत गेल्या. लॉट तेवीसचे दोन आकडे जुळले नव्हते. त्याची नवी गुंडाळी लावून त्या घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. चौकट रिकामीच राहिली. शेटजींनी खोलीला कुलूप लावलं. आतला कॉम्प्युटर तेवढा माझ्या रिफ्रेशसाठी चालू ठेवला.

दहाएक दिवसांनी शेटजींचा फोन आला. "सर, तेवीस नंबर खाली क्यों दिखता है? कृषी केंद्रवाले पुसून राह्यले. पेरणी तोंडावर आली."

मी काय केलं ते ऐका. फाइलमधून डेटा येताना त्यावर संस्कार करायची सोय असते. त्यात एक पायरी टाकता येते की चौकट रिकामी दिसली तर वरच्या ओळीतला आकडा खाली ओढून घ्यायचा. लॉट बावीस चौऱ्याऐंशीला होता. मी ती पायरी टाकली. दोन क्लिकचं काम. शेटजींना कळवलं, चौऱ्याऐंशी टाकतोय. माझ्या लॅपटॉपवर तेवीससमोर चौऱ्याऐंशी दिसायला लागला, बाजूला नाव शोभा. तो माल शेतात उगवला नाही, तर लोक कोणाला शिव्या घालतील, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण ती बाई आता उत्तर द्यायला नव्हती आणि मला फोन बंद व्हायला हवे होते.

अकरा वाजता रिफ्रेश झाला. तेवीस रिकामा.

पायरी जागेवर होती. लॅपटॉपवर चौऱ्याऐंशी, डॅशबोर्डवर रिकामं. हे होऊच शकत नाही. मग मी घरूनच त्या कॉम्प्युटरला जोडलो आणि थेट फाइलमध्येच चौऱ्याऐंशी लिहिला, सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर चौकट कोरी. फाइल बदलल्याची वेळ अकराच्या आठ मिनिटं आधीची. बाहेरून जोडणी फक्त माझ्याकडे होती आणि त्या वेळी मी दाढी करत होतो. खोलीच्या दाराबाहेर कॅमेरा आहे. दार उघडलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर बावीसही रिकामा झाला. चौथ्या दिवशी एकवीस. मग वीस. रोज एक, खालून वर. फाइलमध्ये हे आकडे शाबूत, मोबाइलवर गायब. शेटजी हिंदीत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मी गाडी काढली आणि महागावला गेलो. इतका चिडलो होतो की वाटेत आर्णीला चहालाही थांबलो नाही.

दुपारचे बारा वाजले असतील. शेटजींनी किल्ली दिली आणि वजनकाट्यावर गेले. जाताना म्हणाले, "चौऱ्याऐंशी टाका और खतम करो. गाडी भरायला लागली." गोदामात बियाणं निवडायची मशीन धडधडत होती. मी कुलूप उघडलं. टिनाचं छत, पंखा बंद, आत भट्टी. आणि त्या भट्टीत घरी मोड आणलेल्या मटकीसारखा ताजा ओला वास.

टेबलावर एकच गुंडाळी होती, तेवीसची चिठ्ठी लावलेली. तीन आठवडे कोणी पाणी घातलेलं नव्हतं. त्या उन्हात बारदाना वाळून कडक व्हायला हवा होता. तो ओला होता. थेंब टेबलाच्या कडेवरून खाली पडत होते.

मी म्हटलं, कोणीतरी मस्करी करतंय. करा म्हटलं! रागारागाने गुंडाळी उघडली. आत आठच दिवस झाल्यासारखे पांढरे कोंब, आणि त्यांच्यात कितीतरी दाणे नुसते फुगून कुजलेले. उभ्या उभ्या मोजले. एकेचाळीस. म्हणजे लॉट नापासच. मला हसू आलं, खरंच सांगतो. मग मी खुर्चीवर बसलो आणि एकेचाळीस नाही, चौऱ्याऐंशी लिहायला घेतला.

आठचं बटण दाबलं आणि कोणीतरी माझं उजवं मनगट धरलं.

गार, ओली पकड. चार बोटं वरून, अंगठा खालून. दिसत काहीच नव्हतं. माझी कातडी तेवढी चार ठिकाणी दबलेली दिसत होती. मी हात ओढला, सुटेना. ओरडलो, पण मशीनपुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. स्क्रीनवरचा आठ पुसला गेला. मग त्या पकडीने मला खुर्चीवरून उठवलं आणि कोंबांच्या टेबलाकडे अक्षरशः ओढत नेलं. माझं वजन शहाऐंशी किलो आहे.

मी मोजायला लागलो. दुसरं काय करणार होतो? एकोणचाळीस आले. पकड इतकी आवळली की डोळ्यांत पाणी आलं. वाकडा, काळा पडलेला कोंबही मी मोजणीत धरत होतो. ते धरायचे नसतात. पुन्हा मोजले, फक्त धड कोंब. अडतीस. पकड जराशी सैल झाली. पुन्हा मोजले. अडतीस. हात सुटला.

प्रेमाचा लवलेश नव्हता त्यात. ज्यांना वाटतं की गेलेली माणसं मायेने वाट दाखवतात, त्यांनी माझं मनगट बघायला हवं होतं. तिथे जे काही होतं, त्याला माझा तिरस्कार होता. खोलीत उभा होतो तेवढा वेळ तो अंगाला जाणवत होता.

मी अडतीस लिहिला. सेव्ह केला. माझी ती ओढायची पायरी काढून टाकली आणि हाताने रिफ्रेश मारला. वीस, एकवीस, बावीस सगळे आपापल्या जागी आले. तेवीससमोर लाल रंगात अडतीस.

दोन मिनिटांत शेटजी धावत आले. "अडतीस? पागल झाले काय जी तुमी? सगळ्याइच्या मोबाइलवर गेला ना तो! बदला आधी!"

आता जे लिहितो ते मी बायकोशिवाय कोणालाही सांगितलेलं नाही. मी बदलायला बसलो. हो, एवढं सगळं होऊनही. समोर माणूस ओरडतोय म्हटल्यावर मी कीबोर्डकडे हात नेला. पण उजवा हात मनगटापासून बधिर होता, बोटं हलेनात. डाव्याने प्रयत्न केला, तोही टेबलावर पडून राहिला, उचलेनाच.

"सरका," म्हणून शेटजी स्वतः बसले. चौऱ्याऐंशी लिहिला, एंटर मारलं. अडतीस. पुन्हा लिहिला. अडतीस. तिसऱ्यांदा त्यांनी एंटर मारलं आणि हात झटकन मागे घेतला, पोळल्यासारखा. मनगट दुसऱ्या हाताने झाकून ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "कीबोर्ड खराब है." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. महागावच्या कृषी केंद्रवाल्याचा होता. मग घाटंजीचा. तेवीस नंबर आमच्याकडे पाठवू नका म्हणून.

भरत आलेली गाडी संध्याकाळपर्यंत रिकामी केली. त्या लॉटचं पुढे काय केलं मला माहीत नाही, बियाणं म्हणून तो गेला नाही एवढं नक्की. माझं काम त्याच दिवशी काढून घेतलं. चार काळी-निळी बोटं महिनाभर मनगटावर होती. डॉक्टर म्हणाले, घड्याळाच्या पट्ट्याची ॲलर्जी. मी घड्याळ घालत नाही.

पेरण्या आटोपल्यावर एक दिवस शोभाताईंचे यजमान घरी आले. गणपतराव. पत्ता विचारत विचारत आलेले, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. बसले, पाणी प्यायले.

"सर, गावात अर्ध्या लोकायनं त्या कंपनीचंच बियाणं पेरलं," ते म्हणाले. "शोभाचं नाव पाहून घेतेत लोक. तो तेवीस नंबर तिच्या नावानं गेला असता नं, तं मले गावात तोंड दाखवाले जागा नव्हती. शेटनं तुमच्यावर लय जोर केला म्हनतेत. पन तुमी हटले नाही."

मी म्हटलं, "नाही, तसं काही नाही..."

"नोका सांगू, मले माहीत हाये. कामबी गेलं तुमचं त्याच्यात." त्यांचे डोळे भरले. "ती म्हने घरी, का तो यवतमाळचा सर काही बरा मानूस नाही. मी आता तिच्या फोटोपुढं सांगून आलो, तुह्यी चूक झाली म्हनून."

मी शर्टाची बाही खाली ओढली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

बारदाना ओला कसा, फाइल कोणी बदलली, शेटजींना काय झालं, काहीच सांगता येत नाही. मी तो प्रोग्राम, ती फाइल, सगळं दहा वेळा तपासलं. तुमच्याकडे काही असेल तर लिहा, पण आधी वर लिहिलेलं नीट वाचून.

मला तिची भीती वाटत नाही. राग आहे. माझ्याबद्दल तिने घरी जे सांगितलं होतं, ते बरोबर होतं. ती जिवंत असताना बरोबर होतं आणि त्या दुपारी खुर्चीवर परत बसलो तेव्हाही बरोबर होतं. आणि आता तिचाच नवरा तिच्या फोटोपुढे उभा राहून तिला खोटं पाडतो. गणपतराव निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथेही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. डाळीची पिशवी ठेवून घेतली.